चार नंबरची पाठ

६ फेब्रुवारी

भोंग्या,

नमस्कार. चार वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, इथे कोणी गेलेलं नाही. आमची ही बरी आहे. मीही बरा आहे, म्हणजे असायला हवा. फोन करणार होतो, पण फोनवर मला सुचत नाही, आणि ही शेजारी बसून खुणा करते, मग होतं नव्हतं तेही विसरतो. म्हणून लिहितो. सातवी झालेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

माझी पाठ गेली रे. दुखत तर आधीपासूनच होती, पण आता तिने डावा पायही ताब्यात घेतला आहे. कमरेपासून टाचेपर्यंत कोणी तापलेली तार ओढत नेतंय असं वाटतं, आणि टाचेच्या पुढे काहीच वाटत नाही. परवा बाजारातून घरी आलो तर एका पायात चप्पल नाही. कुठे पडली, कळलंच नाही. शेजारचा शिंपी घेऊन आला. म्हणाला, "काका, एवढी कसली घाई होती?" मी म्हटलं, होती थोडी. दुकानात कुलपं दुरुस्त करायला बसतो, पण पाव तासावर बसवत नाही. डॉक्टर म्हणतात, मणक्यात नस दाबली गेली आहे. वर्षाच्या आत ऑपरेशन झालं तर पाय वाचेल. नाहीतर काठी, आणि काठीनंतर चाकाची खुर्ची.

ऑपरेशन सैनिकी रुग्णालयात होतं, पण दुखापत नोकरीतली आहे असं मान्य झालं तरच. मी अर्ज केला होता. तपासणी मंडळाने बोलावलं. मी घोटून दाढी केली, बुटांना पॉलिश केलं, हिने पॅन्टला इस्त्री केली. आत गेलो तर टेबलामागे कर्नलसाहेब. माझ्या टाचा आपोआप जुळल्या. पाच मिनिटं तसाच उभा. बनियन घामाने भिजलं, पण हललो नाही. त्यांनी विचारलं, "काही त्रास?" आणि तोंडातून गेलं, "नाही साहेब." आता उत्तर आलंय: अर्जदार आधाराशिवाय ताठ उभा राहतो. ही म्हणाली, "नवरदेवासारखे नटून गेलात, त्यांनी मुलगी दिली नाही एवढंच."

दुसरं कारणही लिहिलं आहे. अर्जदार सांगतो त्या तारखेला त्याला दुखापत झाल्याची नोंद पलटणीच्या कोणत्याही पुस्तकात नाही.

वीस एप्रिलपर्यंत अपील करता येतं. आपण तो लोखंडी पूल बांधत होतो, तेव्हा मलमपट्टीच्या तंबूत एक शिपाई बसायचा. तो तुला आठवतो का? पत्ता असेल तर कळव. बाकी काही नको.

तुझा,
चिंतोपंत
(नाव तूच ठेवलंस, अजून लागू आहे.)


१५ फेब्रुवारी

चिंतोपंत,

पत्र वाचून बरं वाटलं. पाठीचं काय घेऊन बसलास? आपल्या वयात ट्रकचेसुद्धा बोल्ट ढिले होतात. कडक बिछान्यावर झोप, गरम पाण्याची पिशवी घे, आणि वहिनींचं ऐक.

मलमपट्टीवाला नऊ वर्षांपूर्वी गेला. त्याचा पत्ता आता वरचा.

मी मजेत आहे. इथल्या माजी सैनिकांच्या संघटनेने मला पुन्हा अध्यक्ष केलंय. शनिवारी शाळेत शिस्तीवर भाषण आहे. माइकची गरज लागत नाही, हे तुला सांगायला नको. आमची पोर सर्वेअर आहे. लोकांच्या जमिनी मोजते आणि घरी आली की माझ्या चहातली साखर मोजते.

तुझ्या अपिलाचं म्हणशील तर त्यात तारीखच घालू नकोस. 'नोकरीत असताना पाठ दुखावली' एवढं मोघम लिही. जुनं उकरून हाताला मातीच लागते.

तुझा,
भोंगा


२१ फेब्रुवारी

भोंग्या,

तारखेशिवाय चालत नाही. सैनिक कल्याण कार्यालयात एक कारकूनबाई आहेत, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "काका, मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं."

आता एक सांगायलाच हवं. छत्तीस वर्षं सांगितलं नाही, कारण वेळच आली नाही. तुला याची कल्पना नसणार.

त्या दिवशी तुझ्या घरी वहिनींना कळा सुरू झाल्या होत्या आणि तुला रजा नाकारली होती. तू शहरातल्या प्रसूतिगृहात पळालास आणि तुझ्या जागी मी उभा राहिलो. मला त्या दिवशी आराम होता. पुलाचं लोखंडी पॅनल उचलायला सहा जण, उंची जुळवून लावलेले. तू चार नंबर, आणि तुझी-माझी उंची सारखी. हवालदाराच्या हातातल्या यादीत चार नंबरपुढे नाव तुझंच राहिलं. डोक्यावर टोपी, अंगभर चिखल, कोण कोणाकडे बघतो.

दोन नंबरचा पाय घसरला. अडीचशे किलोचं लोखंड कलंडलं, आणि ते त्याच्या छातीवर जाऊ नये म्हणून मी खालून पाठ लावली. आतून कट्ट असा आवाज आला. मला वाटलं उचलायचा लाकडी दांडा मोडला.

तंबूत नेलं. मलमपट्टीवाल्याने विचारलं, "नाव? नंबर?" दारात हवालदार यादी घेऊन उभा. माझं नाव सांगितलं असतं तर त्याने पुढचा प्रश्न केला असता, मग चार नंबर कुठाय? तू न विचारता गेला होतास. बाहीवरची बढतीची पट्टी गेली असती, कदाचित नोकरीही. म्हणून मी तुझं नाव सांगितलं आणि तुझा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. तेव्हा आपल्याला एकमेकांचे नंबर झोपेतही यायचे.

म्हणून त्या पुस्तकात पाठ तुझी मोडली आहे. माझ्या नावापुढे लिहिलं आहे, आराम.

संध्याकाळी तू नाचत आलास, मुलगी झाली म्हणून. तेव्हा कसं सांगणार?

कारकूनबाई म्हणतात, त्या मित्राने शपथेवर लिहून दिलं तर अपील उभं राहील. मी म्हटलं, असा कोणी मित्र नाही. आधी तुला विचारायचं होतं. सांगू का त्यांना? नको म्हणालास तर नाही सांगणार. शपथ.

चिंतोपंत


१६ मार्च

भोंग्या,

उत्तर नाही. चोवीस दिवस झाले. तिकीट नीट चिकटवलं होतं, मी दोनदा दाबून पाहिलं होतं. पोस्टमनला तीन वेळा विचारलं. आता तो आमच्या गल्लीतून सायकल जोरात नेतो.

तू आजारी तर नाहीस ना? की रागावलास? रागावला असशील तर तुझं बरोबर आहे. तू अध्यक्ष माणूस, शाळेत शिस्तीवर बोलतोस, आणि मी तुझं छत्तीस वर्षांपूर्वीचं पळून जाणं कागदावर मागतोय. म्हातारपणी मला ही दुर्बुद्धी सुचली.

तेव्हा ते सोडून दे. मी कारकूनबाईंना सांगून आलो, अपील करत नाही. त्यांनी फॉर्म परत घेतला नाही, म्हणाल्या, "राहू द्या घरी, खायला मागत नाही." पण मी काही भरणार नाही.

काल काठी बघून आलो. एक चांगली आहे. मूठ गुळगुळीत आहे आणि खाली रबर आहे. ही दुकानातून बाहेर पडली आणि घरापर्यंत माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली.

माझं मागचं पत्र जाळून टाक.

चिंतोपंत


२४ मार्च

चिंतोपंत,

काठी विकत घेऊ नकोस.

मला माहीत होतं. तू लिहिलंस की मला कल्पना नसणार, ते वाचून मी पत्राची घडी घातली आणि तीन आठवडे शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो.

त्या दिवसानंतर तीन महिन्यांनी माझी वार्षिक तपासणी होती. डॉक्टरने कार्ड बघून विचारलं, "पाठ कशी आहे?" मी विचारणार होतो, कोणती पाठ? मग सगळं लक्षात आलं. तू काय केलंस तेही आणि का केलंस तेही. तेव्हा मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "अधूनमधून दुखते साहेब."

या एका वाक्यावर मला पॅनलवरून काढून भांडारात बसवलं. पंख्याखाली. तू आणखी अकरा वर्षं लोखंड उचललंस. भांडाराच्या खिडकीतून तू दिसायचास. वाकण्याआधी तू गुडघ्यावर हात टेकायचास. ते मी पाहिलंय. पाहिलं की मी खुर्ची वळवून घ्यायचो.

परवा आणखी एका शाळेतल्या भाषणात 'शिस्त' म्हणालो आणि पुढचं वाक्य येईना. पोरांना वाटलं मुद्दाम थांबलोय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर पोरीने माझ्या खिशातलं पत्र काढून वाचलं. मला म्हणाली, "बाबा, म्हणजे मी जन्मले त्याच दिवशी काकांची पाठ मोडली?" मी हो म्हटलं, आणि तुला काय उत्तर लिहिलं होतं तेही सांगितलं. "आणि तुम्ही त्यांना गरम पाण्याची पिशवी सुचवलीत?" पुढे ती जे बोलली ते लिहीत नाही. मोजमाप करणारी माणसं शब्दही मोजून मारतात.

दुसऱ्या दिवशी तिने मला गाडीत घालून एमआरआय करायला नेलं. म्हणाली, "पुस्तकात दुखापत तुमची आहे ना? मग बघू या कुठे आहे ती." डॉक्टरने फिल्म बघून माझ्या पाठीवर थाप मारली. "आजोबा, असा कणा चाळिशीतल्या माणसाचाही नसतो!" आयुष्यात माझ्या शरीराची एवढी स्तुती कोणी केली नव्हती, आणि मला तोंड लपवावंसं वाटलं.

ती फिल्म आणि शपथेवर लिहिलेला कागद वेगळ्या पाकिटात पाठवतोय. सगळं लिहिलंय. पळून गेलो तेही, डॉक्टरला खोटं बोललो तेही. पुढे माझं काय करतील माहीत नाही. घाबरलोय, खोटं कशाला सांगू? पण फॉर्म भर.

भोंगा


१ एप्रिल

भोंग्या,

पाकीट मिळालं. दोन दिवस मी उत्तर लिहिलं नाही. मला राग आला होता. मला राग नीट येत नाही हे तुला माहीत आहे. पण या वेळी आला.

तू गेलास, मी तुझ्या जागी उभा राहिलो, याचा राग नाही. तो माझा निर्णय होता. पण खिडकीतून बघत होतास, तर एकदा बाहेर यायचं होतंस. 'दुखतंय का रे' एवढं विचारलं असतंस तरी चाललं असतं. मी 'नाही' म्हणालो असतो, ते सोड.

हिला दाखवलं. मला वाटलं ही तुला शिव्या देईल. म्हणाली, "खोटं नाव सांगायला सुरुवात कोणी केली? एकाने पेरलं, दुसऱ्याने राखलं. आता दोघं मिळून कापा." मग मी फॉर्म काढून भरायला बसलो.

अपील काल दाखल केलं. कारकूनबाई तुझी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून म्हणाल्या, "काका, हा तर हिरा आहे!" पोचपावतीच्या तीन प्रती काढल्या. एक कपाटात, एक गादीखाली, तिसरी कुठे ठेवली ते आठवत नाही, पण आहे घरातच.

तुझ्या पेन्शनला काही होणार नाही ना? कागद परत मागवता येतो का, तेही मी विचारून ठेवलंय. येतो. सुनावणीच्या आदल्या दिवसापर्यंत. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

चिंतोपंत


११ जुलै

भोंग्या,

तुम्ही दोघं सुखरूप पोचलात ना? पोरीला सांग, गाडी छान चालवते, पण वळणावर थोडी हळू.

सुनावणीत काय झालं ते मी हिला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा वेगळं सांगितलं. म्हणाली, लिहून काढा आणि भावजींकडून तपासून घ्या. तेव्हा चुकलं असेल तर दुरुस्त कर.

अपील मंडळाचे अध्यक्षसाहेब आत आले आणि मी उठून सावधान झालो. तू माझा शर्ट मागून ओढलास. "बस खाली, गाढवा. इथे दुखायचं असतं." हे बाजूच्या डॉक्टरीणबाईंनी ऐकलं असावं, त्यांनी फाइल तोंडापुढे धरली.

साहेबांनी तुला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

तू म्हणालास, "प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकावर, साहेब."

"परवानगी होती?"

"नव्हती, साहेब."

टाइप करणाऱ्याचे हात थांबले. साहेब म्हणाले, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी, साहेब. बाहेर गाडीत बसली आहे. रागावली आहे."

डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या फिल्म दिव्यासमोर शेजारी शेजारी लावल्या. म्हणाल्या, ज्याच्या नावावर दुखापत आहे त्याच्या कण्यावर ओरखडा नाही, आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्याच्या कमरेच्या तिसऱ्या मणक्याला जुनं, दबून भरून आलेलं फ्रॅक्चर आहे. मी त्या फिल्मकडे बघत राहिलो. माझी पाठ मी पहिल्यांदा नीट पाहिली. फार काही दिसायला चांगली नाही.

मग त्यांनी माझा बूट काढायला लावला, बोटांना हात लावला आणि विचारलं, "काही त्रास?" माझं 'नाही' ओठांवर आलं होतं. पण तू एवढ्या लांबून येऊन स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलंस आणि मी पुन्हा ताठ उभा राहायचं? म्हटलं, "आहे बाई. छत्तीस वर्षं आहे." आणि एकदा सुरू झालो तो थांबेना. तार सांगितली, चप्पल सांगितली, खाटेवरून उठताना आधी कुशीवर वळतो ते सांगितलं. साहेब घड्याळ बघायला लागले तरी मी दुकानातल्या स्टुलाबद्दल सांगत होतो. इथपर्यंत बरोबर आहे का?

आता एक खरं सांग. सगळं झाल्यावर तुला एकट्याला दहा मिनिटं आत ठेवलं. बाहेर येऊन तू म्हणालास, "काही नाही, चहा पाजला." तुझ्या हातात कागद होता. तो घडी घालून खिशात घातलास. तुझ्या खिशांवर माझा आता विश्वास नाही.

चिंतोपंत


२४ जुलै

चिंतोपंत,

सगळं बरोबर आहे. फक्त 'गाढवा' नाही, मी त्याहून वाईट काहीतरी म्हणालो होतो.

चहा पाजला हे खोटं. साहेब म्हणाले, इतक्या जुन्या गुन्ह्याला आता शिक्षा नाही, पेन्शनही जाणार नाही. पण माझ्या नोंदीतली पाठीची दुखापत खोडली जाईल आणि भांडारातली नेमणूक खोट्या माहितीवर मिळवली असा शेरा कायमचा राहील. खाली मी सही करायची होती. केली. अक्षर ठीक आलं.

तो कागद मी संघटनेच्या बैठकीत स्वतः वाचून दाखवला आणि राजीनामा टेबलावर ठेवला. दोघे उठून गेले. ते अजून बोलत नाहीत, आणि त्यांचं चूक नाही. बाकीचे खाली बघत बसले. मग मागून एक ऐंशीचा नाईक उठला. म्हणाला, "मीही एकदा दुसऱ्याच्या जागी पहारा दिला होता." मग दुसरा, मग तिसरा. दोन तास हेच चाललं. निम्मी पलटण दुसऱ्याच्याच नावावर उभी होती म्हण ना! राजीनामा मात्र मी परत घेतला नाही. आता खुर्ची नको वाटते.

निकाल आला की लगेच कळव.

भोंगा


२ सप्टेंबर

भोंग्या,

मान्य झालं.

काल पाकीट आलं. मी उघडेना, म्हणून हिने उघडलं. वाचता वाचता तिने चष्मा काढला. मला वाटलं गेलं. मग म्हणाली, "अहो, मान्य." दुखापत नोकरीतलीच आहे असं लिहिलंय. मलमपट्टीच्या जुन्या पुस्तकात दुरुस्ती करून माझं नाव घालायचा हुकूम आहे. शिंप्याला दाखवलं, पोस्टमनला दाखवलं. कारकूनबाईंनी स्वतःच्या पैशाने कार्यालयात सगळ्यांना चहा दिला.

ऑपरेशन एकोणीस तारखेला आहे. सतराला दाखल व्हायचं.

आता माझं ऐक. इतकी वर्षं चाललं, तर आणखी थोडी चाललं असतं. डॉक्टर म्हणतात, शंभरातले पंच्याऐंशी बरे होतात. मी काल दिवसभर उरलेल्या पंधरांचाच विचार करत होतो. भूल उतरली नाही तर? कण्याजवळ हात घालणार, हात हलला तर? हिला एकटीला रुग्णालयाच्या खेपा झेपतील का? हिचे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत. तारीख पुढे ढकला म्हणून कळवू का? तुझं काय मत? लगेच उत्तर दे. मी वाट बघतो.

चिंतोपंत


६ सप्टेंबर

चिंतोपंत,

काहीही कळवू नकोस.

वहिनींशी फोनवर बोललो. तू दुकानात होतास. सगळं ठरलंय. मी महिनाभर तुमच्याकडे राहतो. रुग्णालयात रात्री मी बसेन, दिवसा वहिनी. नंतर व्यायाम करवून घेतात, तो मी करवून घेईन. आवाज अजून चांगला आहे आणि पाठीचं डॉक्टरने सांगितलंच आहे. तू टेकलास तरी मोडायची नाही.

भिऊ नकोस, असं मी म्हणत नाही. तू भी. ते काम तुला चांगलं जमतं. मी शेजारी बसतो.

पोर मला चौदा तारखेला आणून सोडते. तेव्हा या पत्राला उत्तर लिहायला बसू नकोस, ते इथे पोचेल तेव्हा घराला कुलूप असेल. बेल वाजली की घाईघाईने उठू नकोस. आधी कुशीवर वळ, मग ऊठ. मी दाराबाहेर थांबतो.

भोंगा